खडूबाईच्या गल्लीचा नळ

तिचं खरं नाव नवऱ्याला ठाऊक होतं, आणि तो गेल्यापासून त्या नावाची कोणाला गरजच पडली नव्हती. गल्लीत ती खडूबाई. पोरंटोरं खडूमावशी म्हणायची. ज्यांच्याशी तिचं भांडण चालू असायचं, आणि अशी दोन-चार घरं बाराही महिने असायचीच, ती "आली बघ पांढऱ्या बोटांची" एवढंच म्हणून दार लोटायची.

बोटं पांढरी, कारण कामच तसं. शहर तेव्हा चुलीवर विसरलेल्या दुधासारखं वर वर येत होतं. बंदर वाढलं, गोदामं उठली, गावोगावची माणसं पोट घेऊन आली आणि जिथे एक बिऱ्हाड मावत नव्हतं तिथे चार मावायला लागली. कारभार साहेबलोकांचा. त्यांच्या उशिरा का होईना लक्षात आलं की या शहरात माणसं वाढतात ती बाहेरून येऊन. इथे जन्मलेली काही टिकत नाहीत. तान्ही बाळं वर्ष भरायच्या आत जातात. मग नगरपालिकेनं आरोग्य खातं काढलं, त्यावर आपल्या मुलखातून एक डॉक्टरीणबाई आणून बसवली, आणि डॉक्टरीणबाईनं घरोघरी फिरायला इथल्याच बायका नेमल्या. त्यातली एक ही.

त्याआधी ती इस्पितळाच्या चादरी धुवायची. धुताना बोलायची आणि बोलताना धुवायची, दोन्ही सारख्याच जोरात. डॉक्टरीणबाई व्हरांड्यातून जाताना थांबायची. तिला बोलणं अर्धंच कळायचं, पण आजूबाजूच्या बायका हातातला पिळा तसाच धरून हिच्या तोंडाकडे बघत बसल्यात, एवढं डोळ्यांना दिसायचं. औषध देणारी माणसं खात्यात होती. बंद दार उघडायला लावणारं तोंड नव्हतं. ते सापडलं.

डॉक्टरीणबाई स्वतः भाषा शिकली होती, पण शिकवणारा फार सभ्य असावा. ती सगळ्यांना अहोजाहो करायची. तीन दिवसांच्या बाळाचं पोट दाबून विचारायची, "आपण दूध नीट घेता ना?" बायका तोंडात पदराचा बोळा कोंबून हसायच्या. पण तिच्या हाताला गुण होता, आणि चिखलात गुडघा टेकायला ती कचरत नसे. खडूबाईचा तिच्यावर जीव होता. कोणी तिच्याबद्दल वेडंवाकडं बोललं की खडूबाई अंगावर धावून जायची. आपल्या सख्ख्या बहिणीसाठीही ती कधी एवढी भांडली नव्हती.

काम साधं. कोणाला दिवस गेलेत, कोण बाळंत झालं, हे हुडकायचं. नाळेला काही लावू नका, लांब नळीच्या बाटलीनं दूध पाजू नका, पाणी उकळा, वजनाच्या दिवशी बाळाला घेऊन या, हे घोकून घोकून सांगायचं. मागून वजनकाटा घेऊन नर्स यायची. आता खोल्यांना नंबर नव्हते. "डावीकडून शेळी बांधलेलं दार" असं सांगावं, तर नर्स येईपर्यंत शेळीनं घर बदललेलं. म्हणून डॉक्टरीणबाईनं खडू दिला. बाळ जन्मलं की दाराच्या चौकटीवर एक गोल. वर्ष पार पडलं की आईनं ओल्या हातानं तो पुसायचा. बाळ गेलं, तर गोलावर आडवी रेघ.

सुरुवातीला लोकांना वाटलं हा नवा कर आहे. पोरांना तर खेळच मिळाला. गल्लीच्या तोंडाशी तिघे हमाल एका खोलीत राहायचे, तिघेही बिनलग्नाचे आणि मिशाळ. पोरांनी त्यांच्या दारावर गोल काढला. नर्स काटा घेऊन आत शिरली. त्यानंतर महिनाभर त्या तिघांना गोदामावर कोणी तब्येत विचारल्याशिवाय सोडलं नाही.

खडूबाईची अडचण एकच होती, आणि ती खडूनं सुटणारी नव्हती. पाणी. गल्लीच्या टोकाला एक विहीर, आणि विहिरीला खेटून गटार. गल्लीचं सगळं त्या गटारात, आणि गटाराचं काय काय विहिरीत, हे वासावरूनच कळायचं. खडूबाई सांगायची, उकळा. यावर सगळ्यात आधी तोंड उघडायची ती तोफ.

तोफ म्हणजे समोरच्या रांगेतली शेजारीण. नवरा बोटीवर भट्टीत कोळसा टाकायला. वर्षातून एकदा यायचा, तिचा आवाज ऐकायचा आणि परत बोटीवर जायचा. मूलबाळ नाही. आवाज मात्र असा, की तिनं एका टोकाला शिंकावं आणि दुसऱ्या टोकाला झोळीतलं बाळ जागं व्हावं. आपल्या चौकटीला तिनं कधी खडू लागू दिला नव्हता. ती म्हणायची, "उकळायला कोळसा कोण देणार, तुझी डॉक्टरीण? आणि उकळलं तरी गटार ते गटारच. फक्त गरम."

 खडूबाई विषय बदलायची, पण मनातून हलायची. कारण आदल्या वर्षी तिच्याच घरात हे झालं होतं. सुनेचं पहिलं बाळ, मुलगी, चांगली गुबगुबीत. जुलाब लागले आणि दोन दिवसांत कापडासारखी पिळून निघाली. पाणी उकळलेलं होतं. पण ज्या वाटीतून पाजलं ती विहिरीच्या पाण्यानं विसळलेली होती. एवढंसं. खडूबाईनं स्वतःच्या चौकटीवर स्वतःच्या हातानं रेघ मारली. सुनेनं दुसऱ्या दिवशी ती राखेनं घासून काढली आणि सासूशी बरेच दिवस कामापुरतंच बोलली. आता तिला परत दिवस गेले होते.

आणि पाणी काही लांब नव्हतं. गल्लीच्या तोंडासमोरून मोठा रस्ता, त्या रस्त्याखालून लोखंडी पाइप. गोदामांना जायचा, पुढे टेकडीवरच्या बंगल्यांना जायचा. दुपारी रस्ता शांत असला आणि जमिनीला कान लावला, तर खळखळ ऐकू यायची. वळणावर त्याचा सांधा पाझरायचा. बायका तिथे वाटी धरून बादली भरायच्या, आणि शिपाई काठी आपटत आला की पळायच्या. सून पोट सावरत पळताना खडूबाईनं पाहिली, तेव्हा तिनं ठरवलं की हे बाळ यायच्या आत गल्लीला नळ आणायचा.

वजनाच्या दिवशी तिनं डॉक्टरीणबाईला गाठलं. डॉक्टरीणबाईही त्या दिवशी खुशीत होती. तिनं सांगितलं की नगरपालिकेची मोठी समिती शहर बघायला निघणार आहे. जिथे बाळं सगळ्यात जास्त दगावतात तिथे सगळ्यात आधी काम होणार. गटारं, रस्ते, पाणी, सगळं.

"पाणी म्हणजे नळ?" खडूबाईनं विचारलं.

"नळ," डॉक्टरीणबाई म्हणाली. "खडूबाई, मी आपल्याला शब्द देते."

खडूबाई घरी आली ती पाय जमिनीला न लावता. गल्लीत शिरली आणि एकदम थबकली. तिनं इकडून तिकडे चौकटी पाहिल्या. गोल होते, मधूनमधून रेघाही होत्या. पण पावसानं धुतलेलं धुतलं होतं, घरमालकानं चुना मारला त्यात उरलेलं गेलं होतं. आणि खडू येऊन झाली होती किती थोडी वर्षं. त्याआधीची बाळं कोणी चितारलीच नव्हती. चामड्याच्या वखारीमागची गल्ली हिच्यापेक्षा नवी, तिथल्या रेघा सगळ्या ताज्या. समिती आली तर म्हणणार, ही गल्ली तर बरी आहे. आपली गल्ली दिसायला निरोगी. या विचारानं तिला घाम फुटला.

तिनं बायकांना विहिरीवर गोळा केलं आणि सांगितलं की समिती येतेय, नळ जिथे रेघा जास्त तिथे मिळणार, तेव्हा आता लपवायचं नाही. ज्याची त्याची जेवढी गेली तेवढी दारावर येऊ देत.

एक म्हातारी विहिरीच्या काठावर बसली होती. तिनं विचारलं, मागचीसुद्धा का? खडूबाई म्हणाली, मागचीसुद्धा. म्हातारी म्हणाली, माझी तर फार मागची आहेत गं, त्यांना आता कोण ओळखणार. मग स्वतःच उठली आणि खडूसाठी हात पुढे केला.

तो दिवस गल्लीनं कधी पाहिला नव्हता. बायका आपापल्या दाराशी पाटावर, डब्यावर, नवऱ्याच्या पेटीवर चढून गोल काढत होत्या. खात्यानं दिलेला खडू संपला, मग चुन्याचे खडे आणले. एकीला प्रश्न पडला, जुळ्यांचा एक गोल की दोन. त्यावर वाद झाला. शेवटी दोन ठरले, कारण दोघं वेगवेगळी रडली होती. एकीचं बाळ सकाळी आलं आणि संध्याकाळी गेलं. एवढ्याचं धरायचं का, असं तिनं इतक्या हळू विचारलं की खडूबाईनं फक्त तिच्या हातात खडू ठेवला. एकीनं एक गोल जास्तीचा काढला आणि पाटावरून उतरली. तिचा नवरा बघतच राहिला. त्याला त्यातलं एक माहीत नव्हतं; तो तेव्हा परगावी कामाला होता. तो आत गेला, ती बाहेर थांबली, आणि दोघांनाही कोणी हाक मारली नाही.

खडूबाईनं आपल्या चौकटीवर आपली काढली. जगला तो एक लेक. बाकीची वर होती. शेवटी सुनेच्या मुलीचा गोल काढायला हात उचलला, तेव्हा सून दारात आली.

"सासूबाई, माझं बाळ याच दारातून आत येणार ना?"

"याच दारातून येणार, पोरी."

"मग त्याला आधी हे दिसणार?"

"त्याला आधी नळ दिसेल," खडूबाई म्हणाली. "मग हे सगळं तू पुसून टाक. मी तुला पाणी आणून देईन."

सुनेनं मग सासूच्या हातातला खडू घेतला आणि आपल्या लेकीचा गोल आपण काढला. चांगला वाटोळा काढला.

सगळं आटपत आलं तेव्हा तोफ बाहेर आली. तिला बघून बायकांनी आवरतं घ्यायला सुरुवात केली. आता ही काहीतरी बोलणार. ती सरळ खडूबाईकडे आली आणि खडू दे म्हणून हात केला. खडूबाईला वाटलं फेकून देईल. तोफेनं आपल्या दाराशी स्टूल ठेवलं, वर चढली आणि गोल काढू लागली. वरची पट्टी भरली. मग ती उभ्या चौकटीवरून खाली येत राहिली. खाली येता येता स्टुलावरून उतरली, शेवटचे बसून काढले. गल्लीनं तिला वांझ म्हणून किती वर्षं तोंडावर नाही तरी पाठीवर ऐकवलं होतं. आता कोणाला कुठे बघावं कळेना.

रेघा मी मारू का, असं खडूबाईनं विचारलं. तिला वाटलं, तेवढा तरी भार घ्यावा.

"नको," तोफ म्हणाली. "माझ्या मी मारते. बोलले नाही म्हणून नव्हती असं नाही."

समिती आली ती सकाळी. बायकांनी उंबरे धुऊन काढले, मग मुद्दाम थोडी घाण परत टाकली, कारण फार स्वच्छ दिसलं तर नळ जायचा. साहेब चारेक होते, डॉक्टरीणबाई बरोबर. एकाचा रुमाल नाकावरून हलला नाही. पण त्यातला सगळ्यात मोठा साहेब तोफेच्या दाराशी थांबला. त्यानं चौकट वरून खाली वाचावी तशी पाहिली आणि डोक्यावरची टोपी काढली. बाकीच्यांनीही काढल्या. खडूबाईनं सुनेचा दंड घट्ट धरला. तिला त्या क्षणी पाण्याचा आवाज येत होता.

आठवड्यानं मोजणीवाले आले. त्यांनी लोखंडी साखळी टाकून गल्ली मोजली, लांबी मोजली, रुंदी मोजली, दोन्ही टोकांना लाल फडक्यांच्या खुंट्या ठोकल्या. पाइप किती लागेल ते बघतायत, असं खडूबाईनं सगळ्यांना सांगितलं. मग नळ कुठे बसणार यावर जे भांडण जुंपलं ते काही विचारू नका. हमाल म्हणाले आमच्या दाराशी, आम्ही एकटे जीव, कोणाला त्रास नाही. म्हातारी म्हणाली मध्यावर बसवा, मला तेवढंच चालवतं. तोफेनं कोणाला न विचारता आपल्या दारासमोर कपडे धुवायचा दगड आणून टाकला आणि म्हणाली, नळ कुठेही बसो, धुणं इथे. गल्ली पहिल्यांदाच एखाद्या चांगल्या गोष्टीवरून भांडत होती, आणि खडूबाई ते भांडण मिटवत नव्हती. मिटवायला तिला जिवावर आलं होतं.

मग एक दिवस दवंडी आली. ढोलवाला पुढे, मागे कारकून, त्याच्या मागे खिळे आणि हातोडी घेतलेला शिपाई. दारोदार एकेक कागद ठोकत गेले. कारकून मध्यावर उभा राहून वाचू लागला. ही गल्ली माणसांनी राहण्यास योग्य नाही. घरोघरी बालमृत्यूच्या खुणा समितीने प्रत्यक्ष पाहिल्या आहेत. सबब सर्व खोल्या पाडून येथे रुंद रस्ता करण्यात येईल. भाडेकरूंनी महिनाअखेर जागा सोडावी. जागेचा मोबदला घरमालकास.

"आणि नळ?" म्हातारीनं विचारलं.

कारकुनाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तो म्हणाला, कागदात नळाचं काही नाही.

एकेकीनं मान वळवली ती खडूबाईकडे. कोणी शिवी दिली असती तर तिनं परत दिली असती; तिला ते येत होतं. कोणी दिली नाही. कोणी पाटावर चढून चौकट पुसायला लागली, जसं काही पुसलं की कागद गळून पडेल. तोफेनं काही पुसलं नाही. ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं, आवाज न करता.

खडूबाई तशीच इस्पितळात गेली. डॉक्टरीणबाईनं खुर्ची दिली. ती बसली नाही. तिनं एवढंच विचारलं, की समिती पाडायला येणार आहे हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं का.

डॉक्टरीणबाई खोटं बोलली नाही, हे तिचं मानायला हवं. तिनं सांगितलं की पाडायचं आधीच ठरलं होतं, कोणत्या गल्ल्या तेवढं बाकी होतं. वखारीमागची गल्ली तिच्या मनात होती; पण या गल्लीच्या दारांपुढे समितीनं दुसरीकडे पाहिलंच नाही. आणि हे सगळं भल्यासाठी आहे. उजेड येईल, वारा येईल, रस्ता होईल, त्या रस्त्याला नळ बसेल. मी शब्द दिला तसं होईल, ती म्हणाली. तिथे बाळं जगतील.

"कोणाची?" खडूबाईनं विचारलं.

डॉक्टरीणबाईनं टेबलावरची दौत इकडची तिकडे केली. मग म्हणाली की तुमच्या सुनेचे दिवस भरत आलेत हे माझ्या लक्षात आहे. इस्पितळाच्या मागे नोकरांच्या खोल्या आहेत, एक रिकामी आहे. आपण तिथे या. अंगणात नळ आहे.

खडूबाई म्हणाली, मी माझ्या माणसांना विकून नळ घेत नाही. हे वाक्य बोलून ती परत निघाली, आणि वाटभर तेच वाक्य तिला धरून होतं. घरी सुनेला सांगितलं. सून भांडी बांधत होती. तिनं गाठ मारून झाल्यावर मान वर केली.

"तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. "मी जाते. तुमचा राग मोठा आहे, सासूबाई, पण त्यात बाळाला आंघोळ घालता येत नाही."

 लेक ट्रंक उचलून दाराशी उभा राहिला. हातगाडी गल्लीतून निघाली तेव्हा बायका आपापल्या सामानावर बसल्या होत्या. कोणाच्या नजरेत प्रश्न नव्हता, कारण उत्तर हातगाडीवर लादून चाललं होतं. खडूबाई मागून चालत होती. आपण न येण्याची भाषा केली होती हे ओरडून सांगावंसं तिला वाटलं, आणि तोंडाला कुलूप बसलं. आयुष्यात पहिल्यांदा.

मुलगा झाला. इस्पितळाच्या अंगणातल्या नळाखाली त्याचे कपडे धुतले जायचे. वर्ष पार करून तो चालायलाही लागला.

गल्ली पडली. रस्ता झाला, दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर कारकुनांची बिऱ्हाडं. नळही बसला, पितळी तोटीचा. जुन्या बायका वखारीमागच्या गल्लीत आणि त्याच्या मागच्या झोपड्यांत शिरल्या. जिथे चार बिऱ्हाडं होती तिथे आता सात झाली. खडूबाईची खोली नोकरीवर होती, म्हणून नोकरी सुटली नाही. ती त्याच गल्ल्यांतून फिरायची. दारं बंद. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज यायचा आणि बाई फटीतून सांगायची, आमच्याकडे बाळ नाही. कधी तो आवाज काही दिवसांनी यायचा बंद व्हायचा. तेव्हाही बाई तेच सांगायची. चौकटी कोऱ्या राहिल्या. वर्षाअखेर खात्याचा हिशेब निघाला, तर बालमृत्यू चांगलेच उतरलेले. समितीला वाटलं गल्ल्या पाडल्याचा गुण आला. डॉक्टरीणबाईचा सत्कार झाला आणि तिनं खडूबाईला पुढच्या रांगेत बसवलं. खडूबाई नंतर तिला म्हणाली, बाईसाहेब, मरणं कमी नाही झाली, सांगणं कमी झालं. डॉक्टरीणबाईनं ते ऐकून घेतलं. आकडा मात्र तोच राहिला.

आता खडूबाई रोज काम संपलं की इस्पितळाच्या नळाखाली बादली भरते आणि वखारीमागे नेते. अर्धी वाटेत हिंदकळते. तोफेच्या शेजारच्या खोलीत एक पोरसवदा बाई नुकतीच बाळंत झाली आहे, तिच्यासाठी. तिचं दार उघडत नाही, म्हणून खडूबाई तोफेच्या दाराशी बादली ठेवते, आणि थांबते. तिला वाटतं, आज तरी ही काही बोलेल. गरम गटार म्हणेल, विकलीस म्हणेल, पांढऱ्या बोटांची म्हणेल. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं एकदा ओरडेल. तोफ दार उघडते, पाणी आपल्या हंड्यात ओतून घेते, बादली पालथी करून शेवटचा थेंबही घेते. मग रिकामी बादली उंबऱ्याबाहेर ठेवते, आणि दार हळूच लावून घेते.